जुना फ्लॅट, ओटा आणि बाथरूम नव्याने: सामान कोणत्या क्रमाने आणि किती आणावं?

नवखा_गडी

इमारत १९९६ सालची, पुण्यात. चार मजल्यांपैकी आमचा तिसरा, गच्चीवर टाकी. संडास-बाथरूम एकत्र, आतून ७ फूट बाय साडेचार फूट, दार ३० इंची, झडपांची छोटी खिडकी. ओटा सरळ १० फुटी, खाली कडप्प्याचे उभे गाळे. दोन्ही तोडून नव्याने करायचंय. गवंडी, प्लंबर, सुतार तिघेही मजुरीवर. सामान आम्ही आणून द्यायचं. सोसायटीची परवानगी झाली आहे.

कधी काय आणायचं, किती आणायचं आणि कुठे हात आखडता घेतला तर पुढे रडावं लागेल, एवढंच विचारायचंय. रंगसंगतीचे सल्ले नकोत, त्यासाठी घरात समिती बसली आहे.

नळदुरुस्त

टाइल्सच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा. जे भिंतीत किंवा कोब्यात (फरशीखालच्या भरावात) गाडलं जाणार ते आधी, जे वर दिसणार ते नंतर. लोक बरोबर उलटं करतात, म्हणून टाइल लागल्यावर पुन्हा ग्राइंडर फिरतो.

पहिल्या खेपेला, तोडफोड सुरू व्हायच्या आत, हे घरात हवं: शॉवरच्या डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणाऱ्या भागाची) बॉडी किंवा वॉल मिक्सर (गरम-गार मिसळणारा भिंतीवरचा नळ), कमोड (निदान त्याचं मापांचं चित्र), नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचं, पाणी धरून वास अडवणारं भांडं), आणि गिझरचं मॉडेल नक्की केलेलं.

डायव्हर्टरची बॉडी भिंतीत जाते, वरची पट्टी आणि दांडा शेवटी बसतो. बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. तयार टाइलचा चेहरा त्या दोन खुणांच्या मधे यायला हवा. प्लंबर बॉडी उघड्या विटेच्या हिशेबाने बसवून मोकळा होतो. नंतर प्लास्टर १५ मिमी, चिकट मसाला ३ मिमी, टाइल ८ मिमी, म्हणजे भिंत २६ मिमी पुढे येते. ही बेरीज त्याच्यासमोर करा. बॉडी खोल गेली तर एक्स्टेन्शन शोधत फिरावं लागतं, बाहेर राहिली तर पट्टी टाइलला टेकत नाही आणि फटीतून पाणी भिंतीत जातं. बॉडी आणि वरचा भाग एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतला घ्या.

उघडा वॉल मिक्सर घेणार असाल तर दोन तोंडांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी. गरम डावीकडे, गार उजवीकडे. हे भिंतीवर खडूने लिहून ठेवा, हसू नका.

कमोडचा निचरा जमिनीत आहे (एस ट्रॅप) की भिंतीत (पी ट्रॅप), ते आधी बघा. एस असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बाजारात साधारण १००, २२५ आणि ३०० मिमीचे मिळतात. हे अंतर तयार भिंतीपासूनचं, म्हणजे टाइल लागल्यानंतरचं. आज २२५ भरलं आणि नवं प्लास्टर जुन्यापेक्षा २० मिमी जाड झालं, तर उरतात २०५ आणि कमोडची टाकी भिंतीत घुसायला बघते.

नवखा_गडी

छताचा मोठा रेन शॉवर समितीने मंजूर केलाय. त्याचं काय?

नळदुरुस्त

पाण्याचा दाब मोजा. टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंतच्या दर १ मीटर उंचीला ०.१ बार. तुमच्याकडे दोन मजल्यांची उंची, त्यात टाकीचा चौथरा मिळवा, शॉवरची ७ फूट उंची वजा करा, साधारण ५ मीटर हाती येतात. म्हणजे अर्धा बार, तोही पाइपात काही खर्च न होता. शॉवरच्या खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो. तो १ बार असेल तर पाऊस नाही, गळती पडेल. एक तर हातभर थाळी सोडून छोटं तोंड घ्या, नाहीतर प्रेशर पंप लावा. पंप ठरला तर त्याची जागा, वायर आणि प्लगही आजच ठरवा.

अर्धा_सूत

टाइल्सचा हिशेब चौरस फुटांत करू नका, ओळींत करा. तुमच्याच मापावर करून दाखवतो.

दुकानात ज्याला 'एक बाय दोन' म्हणतात ती ३०० बाय ६०० मिमी असते. पूर्ण फूट नाही. आडवी लावली आणि सांधा २ मिमी धरला तर ८ ओळींची उंची २४१६ मिमी होते. ८ फूट म्हणजे २४३८. वर २२ मिमीची फट उरते आणि तिथे कुणीतरी पट्टी कापून लावतो, ती जन्मभर डोळ्यांत खुपते. फॉल्स सीलिंग त्या हिशेबाने खाली घ्या.

७ फुटांची भिंत २१३४ मिमी: ३ पूर्ण टाइल्स आणि ३२८ मिमीचा तुकडा. साडेचार फुटांची १३७२ मिमी: २ पूर्ण आणि १६८ चा तुकडा. लांब भिंतीवर कापलेल्या टाइलचा उरलेला भाग २७० मिमीच्या आसपास, त्यातून आखूड भिंतीचा १६८ चा तुकडा निघतो. म्हणजे एका ओळीला ४+४+२+२ = १२ टाइल्स. ८ ओळी, ९६ टाइल्स. दाराच्या जागेतल्या ८ वजा केल्या की ८८. तुटफुटीला ६-७ धरा, ९५ झाल्या. खोक्यात ५ नग असतील तर १९ खोकी. नग खोक्यावर छापलेले असतात, काही कंपन्या ६ घालतात.

जमीन साडेएकतीस चौरस फूट. ३०० बाय ३०० ची खडबडीत टाइल, १० नगांचं खोकं ९.६९ चौरस फुटांचं, ४ खोकी आणा.

मापं प्लास्टर झाल्यावर पुन्हा घ्या. जुन्या इमारतीत समोरासमोरच्या भिंती सारख्या निघाल्या तर पेढे वाटा.

फरशीपुराण

@अर्धा_सूत, हिशेब बरोबर, पण तुकडा फिरवून वापरता येतो तो साध्या टाइलचा. संगमरवरी रेघा पुढच्या टाइलवर चालू राहणारं डिझाइन असेल किंवा मधे एक नक्षीची ओळ असेल, तर उरलेला तुकडा कामाचा नाही. मग आखूड भिंतीलाही ३ धरा. ओळीला १४, एकूण ११२. दार वजा, तूट मिळवून २२ खोकी.

आणि जमिनीला ६०० बाय ६०० लावू नका. ढाळ नहाणीकडे चारही बाजूंनी यायला हवा, मोठी टाइल चारीकडे वाकत नाही. मग तिला तिरकी कापावी लागते किंवा पाणी कोपऱ्यात साचतं. ढाळ १:८० तरी हवा: नहाणी दाराच्या विरुद्ध टोकाला असेल तर ७ फुटांत २७ मिमी. दाराच्या उंबऱ्याची पातळी ठरवताना हे २७ आधी बाजूला काढा. ओल्या जमिनीसाठी आर १० किंवा आर ११ (पाय न घसरण्याचा दर्जा) लिहिलेली टाइल घ्या. दुकानात पाणी मागा, टाइलवर ओता, बूट काढून पाय घासून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

खोकी उतरवून घेताना शेड नंबर आणि बॅच नंबर सगळ्यांवर एकच आहेत का ते टेम्पोपाशीच बघा. एकाच नावाची टाइल दोन भट्ट्यांतली असली तर रंगात फरक पडतो आणि मापातही अर्धा-एक मिमी. तो फरक दहाव्या टाइलला सांध्यात दिसतो. तेच डिझाइन सहा महिन्यांनी मोरबीहून (गुजरातमधलं टाइल्सचं गाव) येईल, पण तीच शेड येईलच असं नाही. कोरी खोकी परत घेतील का, किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी 'घेऊ की साहेब' चालत नाही.

खालचा_मजला

सगळे टाइल्सवर तुटून पडलेत. वॉटरप्रूफिंग कोण करणार? गळती खालच्या माणसाला दिसते, वरच्याला नाही.

पहिला प्रश्न: स्लॅब खोलगट (संक) आहे का? १९९६ च्या इमारतीत बहुधा असतो आणि तो विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. खालच्या छताला आजच डाग असतील तर वरून नुसता लेप मारून उपयोग नाही. कोबा आतून भिजलेला असतो, त्यातलं पाणी महिनोन्‌महिने उतरत राहतं. कोबा पूर्ण उकरून स्लॅबपर्यंत जा, वाळू द्या, मग लेप. डाग नसतील आणि निचऱ्याचे पाइपही बदलायचे नसतील, तर उकरण्याची घाई नको. पण तिशीच्या घरातले पाइप पाहता मी तरी बदलेन.

सामान: दोन भागांत येणारा सिमेंट-पॉलिमरचा लेप (पावडर आणि द्रव, प्रमाण डब्यावरचंच, अंदाजपंचे नाही), कोपऱ्यांसाठी जाळीची पट्टी, प्लास्टर आणि कोब्यात मिसळायला द्रव वॉटरप्रूफर, पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथे भरायला न आकसणारा ग्राउट. जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा काटकोनात सोडू नका, मसाल्याने गोलाई द्या. काटकोनात लेप चिरतो. दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर निदान १ फूट, शॉवरच्या बाजूला ६-७ फूट.

मग नहाणीचं तोंड बंद करा, पाणी भरा, ४८ तास ठेवा. शेजारी तसंच पाणी भरलेली बादली ठेवा. दोन्हींची पातळी सारखी उतरली तर ते बाष्पीभवन, जमिनीची जास्त उतरली तर गळती. हे ४८ तास गवंड्याला आवडत नाहीत, कारण त्याचे दोन दिवस बुडतात. त्या दोन दिवसांचा रोज देऊन टाका.

नळदुरुस्त

+१. आणि भिंतीतल्या पाइपांची चाचणी प्लास्टरच्या आधी. हातपंपाने १० किलोचा दाब, एक तास काटा हलता कामा नये. सांधे जोडून एक दिवस गेल्यावरच.

बाथरूमच्या नळजोडणीची यादी: वॉशबेसिन २, मिक्सर २, शॉवरला वर जाणारा १, गिझर २, जेट स्प्रे १, फ्लश १. एकूण ९ तोंडं. प्रत्येक तोंडावर पितळी आट्याचा एल्बो घ्या, १० आणा. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांत नळ आवळताना चीर जाते आणि ती चार महिन्यांनी, टाइलच्या मागे, उघड होते. अँगल कॉक ६: बेसिन २, गिझर २, फ्लश १, जेट १.

पिण्या-वापरायच्या पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप (आयएस, म्हणजे भारतीय मानक, क्रमांक १५७७८), गरम-गार दोन्हीकडे तेच वापरा म्हणजे चुकून अदलाबदल होणार नाही. सांडपाण्याला एसडब्ल्यूआर, आयएस १३५९२, 'टाइप बी'. 'टाइप ए' पातळ असतो, तो पावसाच्या आणि हवेच्या पाइपासाठी. दुकानात न विचारता तोच हातात येतो. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी उभं राहतं ना ते पाहा. उथळ ट्रॅप स्वस्त पडतो आणि उन्हाळ्यात गावाला जाऊन आलात की घरात गटाराचा वास आणि झुरळं.

फरशीपुराण

आता भांडणाचा विषय: सिमेंट की अ‍ॅडेसिव्ह?

भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाणी पिते, ती भिजवून सिमेंटवर लावली तर धरते, पिढ्यान्‌पिढ्या धरली आहे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही, त्यामुळे सिमेंट तिच्या पाठीला चिकटत नाही. टिचकी मारली की पोकळ वाजते. व्हिट्रिफाइड असेल तर अ‍ॅडेसिव्हला पर्याय नाही. पिशवीवर आयएस १५४७७ आणि टाइप बघा: सिरॅमिकला टाइप १, व्हिट्रिफाइडला टाइप २, जुन्या टाइलवर नवी लावायची तर टाइप ३ किंवा वरचा.

प्रमाण: ३ मिमी थराला २० किलोची पिशवी साधारण ५० चौरस फूट जाते. तुमच्या भिंती आणि जमीन मिळून १९५ च्या आसपास, ४ पिशव्या. थर ६ मिमी झाला की ८. म्हणून भिंत आधी प्लास्टरने ओळंब्यात आणि गुण्यात (काटकोनात) आणा. अ‍ॅडेसिव्ह भिंत सरळ करायला नसतं, ते महागडं प्लास्टर होतं. दात्याच्या थापीने ओढायला लावा. पाच गोळे ठेवून टाइल दाबणारा कारागीर अ‍ॅडेसिव्ह वापरूनही पोकळ टाइलच देतो, आणि त्या पोकळीत पुढे स्क्रू मारला की टाइल तडकते.

सांधेमोड

ग्राउट (सांधे भरायचा मसाला) राहिला. बाथरूमला आणि ओट्यामागे इपॉक्सीच. सिमेंटचा ग्राउट पाणी आणि हळदीचं तेल पितो. लागेल किती? लांबी-रुंदीची बेरीज भागिले त्यांचा गुणाकार, गुणिले सांधा, गुणिले जाडी, गुणिले १.६ (सगळं मिमीत, उत्तर किलो प्रति चौरस मीटर). तुमच्या भिंतीच्या टाइलला २ मिमी सांधा आणि ८ मिमी जाडी धरून ०.१३ येतं. १५ चौरस मीटरला २ किलो, जमीन धरून ३ किलो. एकदम कालवू नका, अर्ध्या-पाऊण तासात दगड होतो. टाइलवरचा पापुद्रा त्याच दिवशी ओल्या स्पंजने पुसायचा. दुसऱ्या दिवशी तो फक्त शिव्यांनी निघतो.

सुतारपक्षी

स्वयंपाकघराकडे कोणी वळेल का? इथे क्रम आणखी उलटा आहे: आधी सिंक, शेगडी (हॉब, म्हणजे ओट्यात बसणारी, घेणार असाल तर) आणि ट्रॉल्यांची मापं, मग कडप्पा, शेवटी ग्रॅनाइट.

सिंक २४ बाय १८ इंची घेतलंत आणि ओटा २४ इंच खोल असला तर पुढे-मागे मिळून ६ इंच उरतात. पुढे ३ इंच दगड ठेवायलाच हवा, त्याहून बारीक पट्टी कापताना किंवा उतरवताना मोडते. मागे राहिले ३ इंच, त्यात ओट्यावरचा नळ आणि त्याची नट आवळायला हात जात नाही. नळ भिंतीतून काढा, नाहीतर ओटा २६ इंच करा. सिंक ३०४ ग्रेडच्या स्टीलचं, पत्रा १ मिमी. उंची ३३-३४ इंच. उभं राहून कोपर दुमडा, कोपराच्या ४ इंच खाली ओटा.

गाळे: पुण्याकडच्या पद्धतीने ट्रॉली कडप्प्याच्या उभ्या फळ्यांमधे बसवणार असाल तर बास्केट १५, १७, १९, २१ इंच रुंदीच्या तयार मिळतात. टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच लागतो. १९ च्या बास्केटला आत २० इंच आणि दोन सूत (पाव इंच) मोकळीक. कडप्पा हाताने तासलेला, जाडी कमी-जास्त असते. गाळा वर, मधे, खाली असा तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी माप धरा. गवंडी 'अंदाजे दीड फूट' म्हणाला की काम थांबवा.

कपाटं प्लायची असतील तर सिंकखाली आणि खालच्या ओळीला आयएस ७१० (उकळत्या पाण्यात ७२ तास टिकणारा), वरच्या कपाटांना आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (ओल सोसणारा, पण त्याहून हलका) चालतो. शिक्का प्रत्येक पानावर असतो, बिलावरही तोच क्रमांक हवा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये घ्या की घराजवळ, कडा बघा: थरांमधे पोकळी दिसली तर ते पान बाजूला. भुशाच्या पाट्या सिंकजवळ नकोच. एकदा कड भिजली की पावासारख्या फुगतात आणि परत बसत नाहीत.

खडेबोल

काळा ग्रॅनाइट घेताना पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं द्रव घेऊन घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. पाठीमागून बघा: जाळी चिकटवलेली असेल किंवा राळ भरलेल्या चिरा दिसल्या तर १० फुटी सलग तुकडा नेताना जिन्यातच दोन होतील. तुमचा जिना १० फुटी लादी वळवू देतो का, हे आधी दोरीने मोजा. नाही वळली तर सांधा सिंकच्या किंवा शेगडीच्या भोकावर घ्या, तिथे तो छोटा होतो. क्वार्ट्झ सुंदर दिसतं, पण त्यात राळ असते. तापलेला तवा ठेवायची सवय असेल तर ग्रॅनाइटच बरा.

बत्तीगुल

वायर खाचा बुजवण्याआधी. गिझर, इंडक्शनला ४ चौरस मिमी तांबं, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, दिव्यांना १.५. २ किलोवॉटचा गिझर ९ अँपिअरच्या आत घेतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट १३. गिझरला २० अँपिअरचा डबल पोल स्विच, बाथरूमच्या बाहेर. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळका करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो, मग शॉवर. ओट्यावर मिक्सर, फ्रिज, प्युरिफायर, चिमणी, ओव्हन असे वेगळे प्लग मोजा. पाचाच्या खाली कोणाचं भागत नाही. आणि पाइप गॅसची नळी तुमचा प्लंबर हलवणार नाही, ते गॅस कंपनीचंच काम. त्यांची तारीख मिळाल्यावर ओटा फोडा.

चिऱ्याचं_घर

विषयाला धरूनच, रत्नागिरीकडच्या वाचकांसाठी: खाऱ्या हवेत २०२ स्टीलच्या ट्रॉल्यांना पहिल्याच पावसाळ्यात गंज. ३०४ लाही चहासारखे डाग पडतात, पुसत राहावं लागतं. ३१६ स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये नाही. कोणी ३१६ म्हणून विकत असेल तर मॉलिब्डेनम तपासणीची छोटी बाटली मिळते, दुकानातच एक थेंब टाका.

नवखा_गडी

सगळ्यांचे आभार. दोन शंका. राडारोडा किती निघेल? आणि सिमेंटचा अंदाज गवंड्याने जुन्या भावाने दिलाय.

अर्धा_सूत

भिंतीची टाइल आणि मसाला मिळून सव्वा इंच धरला तर १७-१८ घनफूट. १ फूट खोल कोबा उकरला तर आणखी ३१. सुटा झाला की दीडपट फुगतो. ७५ घनफूट, एका माणसाला उचलेल अशा ७०-७५ गोणी, नुसत्या बाथरूमच्या. ओटा वेगळा. जिन्यातून रोज किती गोण्या उतरतील ते सोसायटीशी आधी बोला, आणि रिकाम्या गोण्याही यादीत लिहा, त्या कोणीच आणत नाही.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय, अंदाज त्याआधीचा असेल तर दुरुस्त करून घ्या. आणि १० पिशव्या एकदम आणून ठेवू नका, ओल धरते.

फरशीपुराण

काम संपल्यावर भिंतीचं एक अख्खं खोकं आणि जमिनीच्या ४-५ टाइल्स जपून ठेवा. पुढे एक पाइप फुटला तर तेवढ्याच लागतात. शेड नंबरची पट्टी खोक्यासकट, टाइल्स उभ्या, माळ्यावर.

नवखा_गडी

माळा तोडायचा कालच ठरलाय. समितीला कळवतो.